दहा डॉलरच्या नगावर पाच डॉलर ड्यूटी : निर्यातदार वाचकांचे प्रश्न

अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर १२ मार्च २०२५ पासून २५ टक्के आणि ४ जूनपासून ५० टक्के आयातशुल्क लावले. १८ ऑगस्टला या धातूंपासून बनणाऱ्या वस्तूंचे आणखी ४०७ कोड (कस्टम्सचे वस्तू-वर्गीकरणाचे क्रमांक) यादीत आले. तेव्हापासून चाकण, शिरोली, कुपवाड, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतून प्रश्नांचा ओघ सुरू आहे. त्यांतले नऊ प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरे डिसेंबर २०२५ च्या मध्याला लागू असलेल्या नियमांवर दिली आहेत. माल लावण्याच्या दिवशी दर आणि यादी कस्टम्स ब्रोकरकडून पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : आम्ही ॲल्युमिनियमचे कास्टिंग १० डॉलर एफओबी दराने (म्हणजे माल इथल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा दर) अमेरिकेला पाठवतो. बायर म्हणतो, ‘पाच डॉलर ड्यूटी बसते, तिचा निम्मा भार तुम्ही उचला, म्हणजे अडीच डॉलर कमी करा.’ मागणी रास्त वाटते, पण अडीच डॉलर सोडले तर हाती काहीच उरत नाही. काय करावे? (चाकण)

अडीच डॉलर सोडू नका. ही मागणी निम्म्या भाराची नाहीच. तुम्ही दर कमी केला की ड्यूटीसुद्धा आपोआप कमी होते, ही गोष्ट या हिशेबात धरलेली नाही.

आकडे मांडून बघा. ड्यूटी येण्यापूर्वी बायरला नग १० डॉलरला पडत होता, आज १५ ला पडतो. तुम्ही दर साडेसात केला तर ड्यूटी होते ३.७५ आणि बायरला नग पडतो ११.२५ ला. म्हणजे तुमचे गेले अडीच डॉलर आणि त्याचे वाढले फक्त सव्वा. खरोखर निम्मे-निम्मे करायचे तर दर ८ डॉलर हवा. त्यावर ड्यूटी ४ आणि बायरचा एकूण खर्च १२. तुमचे दोन गेले, त्याचे दोन वाढले. ५० टक्के ड्यूटी असताना सोडलेला प्रत्येक डॉलर बायरला दीड डॉलरचा फायदा देतो. हे वाक्य बोलणी करताना कागदावर लिहून समोर ठेवा.

आणि आठ डॉलर हीसुद्धा शेवटची पायरी समजा, पहिली नव्हे. हे शुल्क एकट्या भारतावर नाही. ब्रिटनला २५ टक्के दर आहे, बाकी जवळजवळ सगळ्या देशांच्या मालावर ५० टक्केच. चिनी मालावर तर बहुतेक वेळा जुने वेगळे शुल्क वरून बसते. म्हणजे तुमची जागा घेणारा व्हिएतनामी किंवा तैवानी पुरवठादार या कारणाने स्वस्त झालेला नाही. तुमची खरी स्पर्धा अमेरिकेतल्या फाउंड्रीशी आहे. तिच्याकडे तुमच्या नगाची डाय (ओतण्याचा साचा) आहे का, नवी डाय करून नमुने मंजूर व्हायला किती महिने लागतील, हे बायरला तुमच्याइतकेच माहीत असते.

सवलत द्यायचीच झाली तर ती माल निघण्यापूर्वी द्या आणि सुधारित परचेस ऑर्डरवर व इनव्हॉइसवर दाखवा. माल अमेरिकेत उतरल्यानंतर दिलेली सूट तिथला कस्टम्स विभाग किंमत ठरवताना धरत नाही. क्रेडिट नोट नंतर काढली तर तुमचे पैसे जातात आणि ड्यूटी मात्र जुन्याच दरावर बसते. शिवाय आपल्याकडे शिपिंग बिलावरची रक्कम कमी करून घ्यायला बँकेची मंजुरी लागते, आणि त्या प्रमाणात ड्रॉबॅक व रोडटेपचा (निर्यातदाराला मिळणाऱ्या करपरताव्यांचा) लाभ परत करावा लागतो.

सवलतीला मुदत घालायला विसरू नका. ‘शुल्काचा दर ५० टक्के आहे तोवरच हा दर, शुल्क कमी झाल्यास त्या तारखेपासून मूळ दर लागू’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ते नसले की सवलतीचा दर हाच कायमचा दर होऊन बसतो.

प्रश्न : आमचा एक ॲल्युमिनियमचा सुटा भाग मोटारीत बसतो. ब्रोकर म्हणतो ५० टक्के, दुसरा एक निर्यातदार म्हणतो २५. दोघांत बरोबर कोण? (पिंपरी)

कोडवर अवलंबून आहे, आणि कोड वस्तूवरून ठरतो. आपल्याला कोणता परवडतो यावरून नव्हे.

ॲल्युमिनियमचे सर्वसाधारण कास्टिंग ७६१६ खाली गेले तर पूर्ण किमतीवर ५० टक्के. तोच भाग फक्त किंवा मुख्यतः प्रवासी मोटारीसाठी बनवलेला असेल, ८७०८ खाली बसत असेल आणि अमेरिकेच्या वाहनभागांच्या यादीत असेल, तर ३ मे २०२५ पासूनचे २५ टक्क्यांचे वाहनभाग शुल्क लागते. ते लागले की पोलाद-ॲल्युमिनियमचे शुल्क त्यावर चढत नाही. मध्यम आणि जड ट्रकच्या भागांसाठी अशीच २५ टक्क्यांची स्वतंत्र व्यवस्था १ नोव्हेंबर २०२५ पासून आली आहे. दहा डॉलरच्या नगावर पाचऐवजी अडीच डॉलर, इतका हा फरक आहे. त्यामुळे ड्रॉइंग, भाग कुठे बसतो ते दाखवणारे असेंब्ली ड्रॉइंग आणि बायरचे वापराबद्दलचे पत्र असा संच ब्रोकरला द्या.

इथे एक चूक वारंवार होते. बोल्ट, नट, वॉशर मोटारीत बसतात म्हणून त्यांना ८७०८ मध्ये ढकलले जाते. ‘सर्वसाधारण उपयोगाचे भाग’ मोटारीसाठी खास बनवलेले असले तरी ७३१८ मध्येच राहतात आणि तिथे पूर्ण किमतीवर ५० टक्के बसतात.

शंका असेल तर बायरने अमेरिकी कस्टम्सकडे आगाऊ निर्णय मागावा. अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही, आणि साध्या वर्गीकरणाचा निर्णय साधारण ३० दिवसांत येतो. तो त्यांच्या सगळ्या बंदरांवर बंधनकारक असतो.

याच पत्रात डायचा उल्लेख आहे म्हणून तेही सांगतो. डाय बायरने फुकट दिली असेल किंवा तिचे पैसे वेगळे दिले असतील, तर तिची किंमतसुद्धा नगाच्या कस्टम्स किमतीत धरावी लागते. समजा डाय ६०,००० डॉलरची आणि तिच्यातून १,२०,००० नग निघणार. नगामागे ५० सेंट वाढले, त्यावर ड्यूटी २५ सेंट. हीच किंमत पहिल्या शिपमेंटवर टाकली तर एकदम ३०,००० डॉलर भरावे लागतात. नियमात दोन्ही पद्धतींना मुभा आहे, पण अपेक्षित नगसंख्या करारात किंवा ऑर्डरवर लिहिलेली हवी. डाय दाखवलीच नाही आणि तपासणीत निघाली, तर मागची सगळी ड्यूटी दंडासह वसूल होते.

प्रश्न : बायरने आता डीडीपी अटीवर, म्हणजे ड्यूटीसह घरपोच, माल मागितला आहे. ड्यूटी आम्ही भरायची. इनव्हॉइस कसे करावे? (अंबड, नाशिक)

डीडीपी घेण्यापूर्वी दोनदा विचार करा. या अटीवर अमेरिकेतले आयातदार तुम्ही स्वतः होता. वर्गीकरण चुकले, कागद अपुरे निघाले तर तिथला दंड तुमच्या नावावर पडतो. तिथे कस्टम्स बाँडही (ड्यूटी भरण्याची हमी) काढावा लागतो. वर्षभराचा बाँड किमान ५०,००० डॉलरचा असतो, आणि साधारणपणे मागच्या बारा महिन्यांत भरलेल्या ड्यूटी व करांच्या १० टक्के इतका लागतो. ड्यूटी दुप्पट झाली की बाँड अपुरा पडतो आणि माल बंदरात अडकतो. हे २०२५ मध्ये अनेकांच्या बाबतीत झाले.

तरीही घ्यायचेच असेल तर इनव्हॉइसवर ड्यूटी वेगळ्या ओळीत दाखवा. १५० डॉलर हा एकच आकडा लिहिला तर कस्टम्स १५० वर ५० टक्के, म्हणजे ७५ डॉलर घेईल. ‘माल १०० डॉलर, अमेरिकी आयातशुल्क ५० डॉलर, एकूण १५०’ असे लिहिले तर ड्यूटी ५० च. एका ओळीचा फरक २५ डॉलरचा. अमेरिका ड्यूटी आकारताना आंतरराष्ट्रीय भाडे आणि विमा वगळते. पण तेही वेगळे दाखवलेले आणि प्रत्यक्ष भरलेल्या बिलांशी जुळणारे असेल तरच. अंदाजाने भाडे फुगवून लिहिणे हा सापळा आहे. शिपिंग कंपनीचे बिल मागितले की उघडे पडते.

प्रश्न : बायर प्रत्येक शिपमेंटला ‘मेल्ट अँड पोअर’ आणि ‘स्मेल्ट अँड कास्ट’ची माहिती मागतो. आम्ही व्यापाऱ्याकडून माल घेतो, त्याच्याकडे काही कागद नाही. चालेल का? (कुपवाड, सांगली)

चालणार नाही. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर ही बेफिकिरी सगळ्यांत महाग पडते.

पोलादासाठी विचारतात ते एवढेच : कच्चे पोलाद प्रथम द्रवरूपात कोणत्या देशाच्या भट्टीत तयार झाले आणि ओतून घट्ट झाले. कॉइल कुठे कापली, बार कुठे ओढला याला इथे महत्त्व नाही. उत्तर मिल टेस्ट सर्टिफिकेटमध्ये असते. व्यापाऱ्याकडून घेताना मूळ कारखान्याच्या सर्टिफिकेटची प्रत घ्या, त्यावरचा हीट नंबर (भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक) बंडलच्या टॅगशी ताडून बघा आणि तोच नंबर तुमच्या जॉब कार्डवर उतरवा. माल गोडाऊनमध्ये मिसळला की हा धागा तुटतो आणि पुन्हा जोडता येत नाही. म्हणून निर्यातीच्या मालासाठी वेगळा रॅक आणि वेगळ्या रंगाचा टॅग ठेवा.

ॲल्युमिनियमला तीन उत्तरे लागतात. नव्या धातूचा सर्वांत मोठा हिस्सा ॲल्युमिनापासून विजेने कुठे काढला (स्मेल्ट). दुसऱ्या क्रमांकाचा हिस्सा कुठे काढला. आणि धातू शेवटचा वितळवून कुठे ओतला (कास्ट). तिसरे उत्तर पुष्कळ जण चुकवतात. तुम्ही इनगॉट (धातूची लगड) वितळवून प्रेशर डाय कास्टिंग करता, म्हणजे शेवटचे ओतकाम तुमच्याच कारखान्यात झाले. तिथे ‘भारत’ यायला हवे, मग इनगॉट आखातातून आलेला का असेना. पहिल्या दोन उत्तरांसाठी इनगॉट पुरवठादाराचे पत्र लागते. हिंदाल्को, नाल्को, वेदांत यांचा धातू थेट घेतला असेल तर अडचण नाही. भंगारापासून बनवलेला एडीसी-१२ हा मिश्रधातू घेत असाल तर तो पुनर्वापराच्या धातूपासून बनला आहे, हे प्रत्येक लॉटच्या सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहून घ्या.

कारण असे की, २८ जून २०२५ पासून आयातदाराने स्मेल्टचा देश ‘अज्ञात’ लिहिला तर रशियन ॲल्युमिनियमचा दर लागतो. तो आहे २०० टक्के. माल पाच रुपयांनी स्वस्त देणारा बिनकागदी व्यापारी शेवटी कितीला पडतो, हे यावरून कळेल.

प्रश्न : अमेरिकेतलाच धातू आणून भाग बनवले तर हे शुल्क लागत नाही असे ऐकले. खरे आहे का? (भोसरी)

अर्धे खरे. धातूपासून बनणाऱ्या ज्या वस्तू ‘डेरिव्हेटिव्ह’ यादीत आहेत, त्यांतले पोलाद अमेरिकेतच वितळवून ओतलेले असेल किंवा ॲल्युमिनियम अमेरिकेतच स्मेल्ट आणि कास्ट केलेले असेल, तर हे शुल्क शून्य होते. मूळ यादीतल्या वस्तूंना ही सूट नाही. ७६१६ मधली ॲल्युमिनियम कास्टिंग आणि फोर्जिंग २०१८ पासून मूळ यादीत आहेत.

शिवाय डाय कास्टिंगवाल्यांना ही वाट मुळातच बंद आहे. अमेरिकी इनगॉट तुम्ही इथे वितळवला की शेवटचे ओतकाम भारतात झाले. मग ते ‘अमेरिकेत कास्ट’ राहत नाही. बार, पत्रा, नळी आणून न वितळवता फक्त यंत्रकाम, वाकवणे किंवा जोडणी करणाऱ्यांना मात्र फायदा होऊ शकतो. त्यांनी धातू ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर आणावा, म्हणजे इथे कस्टम्स ड्यूटी भरावी लागत नाही. तिकडचे वाढलेले धातूदर आणि दोन वेळचे समुद्रभाडे धरून मगच निर्णय करा. जिथे धातू थोडा आणि यंत्रकाम पुष्कळ आहे, तिथेच हे जमते.

ज्या डेरिव्हेटिव्ह वस्तू ७३ किंवा ७६ व्या अध्यायात नाहीत, उदाहरणार्थ यंत्रांचे काही भाग, त्यांच्यावर डिसेंबर २०२५ मध्ये धातूचे शुल्क फक्त धातूच्या किमतीवर लागत होते आणि उरलेल्या किमतीवर देशाचे शुल्क (त्या देशाच्या मालावर सरसकट लावलेले) लागत होते. तेव्हा भारताच्या बाबतीत या विभागणीने काही वाचत नव्हते. उरलेल्या भागावरही २५ अधिक २५ असे ५० टक्केच बसत होते. तरी विभागणी कागदावर तयार ठेवा. भारतावरचे देशशुल्क उतरले की तिचे पैसे होतात. धातूची किंमत म्हणजे तुम्ही धातू विकणाऱ्याला दिलेली किंमत. तिची खरेदीची बिले आणि नगामागचे किलो लागतात. किंमत सांगता आली नाही तर पूर्ण किमतीवर धातूचे शुल्क बसते.

प्रश्न : दुबईमार्गे माल पाठवल्यास ड्यूटी वाचेल असे एक एजंट सांगतो. (इचलकरंजी)

वाचणार नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या धातूलाही ५० टक्केच आहे. आणि खोके बदलून, लेबल लावून मालाचा देश बदलत नाही. वस्तूचे नाव, स्वरूप किंवा उपयोग बदलेल इतके काम तिथे व्हावे लागते. खोटा देश लिहिणे हा अमेरिकेत फौजदारी गुन्हा होऊ शकतो, आणि आयातदार म्हणून तुमचा बायर त्यात सापडतो. या एजंटला नकार द्या.

मध्यस्थाचा कायदेशीर उपयोग वेगळाच आहे. तुम्ही मुंबईच्या व्यापारी निर्यातदाराला ८ डॉलरला विकता आणि तो अमेरिकेला १० ला विकतो, अशी साखळी असेल तर ठरावीक अटींवर अमेरिकी कस्टम्स पहिली विक्री, म्हणजे ८ डॉलर, ही किंमत धरू देते. दोन्ही विक्री खऱ्या हव्यात, एकमेकांपासून स्वतंत्र व्यवहाराच्या दराने झालेल्या हव्यात, आणि माल पहिल्यापासून अमेरिकेसाठीच होता हे ऑर्डर, मार्किंग व शिपिंगच्या कागदांवर दिसायला हवे. तुमचे ८ डॉलरचे बिल अमेरिकी आयातदाराला दिसेल. व्यापाऱ्याची त्याला तयारी असेल तरच हा मार्ग धरा.

प्रश्न : आपले सरकार प्रत्युत्तर का देत नाही? २०१९ मध्ये बदाम-सफरचंदावर शुल्क लावले होते ना? (पुणे, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी)

लावले होते. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के लावले. भारताने जून २०१८ मध्येच प्रतिशुल्क जाहीर केले, पण वाटाघाटी चालू आहेत म्हणून ते वारंवार पुढे ढकलले. अमेरिकेने भारताच्या जीएसपी सवलती (विकसनशील देशांच्या मालाला मिळणारी आयातशुल्क-सूट) ५ जून २०१९ ला काढून घेतल्या आणि त्यानंतर १६ जून २०१९ ला बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा, मसूर अशा २८ वस्तूंवर भारताचे शुल्क लागू झाले. चार वर्षांनी, जून २०२३ मध्ये, दोन्ही देशांनी जागतिक व्यापार संघटनेतले सहा वाद आपसांत मिटवले. भारताने त्यांतल्या काही वस्तूंवरचे शुल्क मागे घेतले. त्या बदल्यात अमेरिकेने भारतीय पोलादाच्या ७० टक्के आणि ॲल्युमिनियमच्या ८० टक्के सूट-अर्जांना (शुल्कातून वगळण्याच्या अर्जांना) मान्यता देण्याचे कबूल केले.

माझ्या मते २०१९ चा धडा इथेच आहे. प्रत्युत्तराने मिळाले ते सूट-अर्जांचे दार. आणि तेच दार अमेरिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. नवे सूट-अर्ज घेणे थांबले. उलट आता मे, सप्टेंबर आणि जानेवारीत अमेरिकी उत्पादकांना यादीत नव्या वस्तू घाला असा अर्ज करता येतो. तुमची वस्तू त्या अर्जांत आहे का, हे बायरने त्या काळात बघायला हवे आणि आक्षेपाची मुदत १४ दिवसांचीच असते म्हणून तयारी आधीच करायला हवी.

भारत गप्प मात्र बसलेला नाही. मे २०२५ मध्ये सरकारने जागतिक व्यापार संघटनेला कळवले की हे शुल्क म्हणजे प्रत्यक्षात ‘सेफगार्ड’ (वाढत्या आयातीपासून देशी उद्योगाच्या तात्पुरत्या संरक्षणाचा) उपाय आहे आणि त्या करारानुसार आपण तेवढ्याच वजनाच्या सवलती मागे घेण्याचा हक्क राखून ठेवतो. तेव्हा ही रक्कम १.९१ अब्ज डॉलर होती. दर दुप्पट झाल्यावर जुलैमध्ये ती सुधारून ३.८२ अब्ज केली. अमेरिकेचे म्हणणे असे, की हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे, सेफगार्ड नव्हेच. हक्क राखून ठेवणे आणि तो वापरणे यांत अंतर आहे. व्यापार कराराची बोलणी चालू असताना सरकार ते अंतर मुद्दाम ठेवत आहे, आणि लहान कारखानदाराच्या दृष्टीने मला ते योग्य वाटते. बदामावर शुल्क लावल्याने शिरोलीच्या फाउंड्रीचा माल अमेरिकेत स्वस्त होत नाही. करारात धातूंचा कोटा मागून घेतला तरच होईल.

प्रश्न : अमेरिका कमी करून युरोपकडे वळावे म्हणतो. आम्ही बोल्ट आणि लहान फोर्जिंग बनवतो. तिथे कार्बन कर आहे म्हणतात. (शिरोली, कोल्हापूर)

जरूर वळा, पण १ जानेवारी २०२६ पासून युरोपच्या सीबॅमचा (म्हणजे याच कार्बन कराचा) प्रत्यक्ष टप्पा सुरू झाला, तो समजून घेऊन वळा.

आधी कोड बघा. बोल्ट-नटचा ७३१८, पाइप फिटिंगचा ७३०७ आणि इतर पोलादी वस्तूंचा ७३२६ या यादीत आहेत. ओतीव वस्तूंचा ७३२५ आज यादीत नाही. पंपाचे, यंत्राचे ८४ व्या अध्यायातले भागही नाहीत, मात्र यादी वाढवण्याचा विचार युरोपात चालू आहे. युरोपी आयातदाराने वर्षभरात सगळीकडून मिळून ५० टनांपर्यंतच असा माल आणला तर त्याला सीबॅम लागत नाही. ही मर्यादा आयातदाराची आहे, तुमची नव्हे. तुम्ही दहा टन पाठवले आणि त्याने इतरांकडून शंभर टन घेतले, तर तुमच्या दहा टनांचीही आकडेवारी लागते.

बोल्टच्या कार्बनचा मोठा भाग तुमच्या कारखान्यात तयार होत नाही, तो वायर रॉडबरोबर येतो. समजा एक टन बोल्टला १.०५ टन वायर रॉड लागला आणि पोलाद कारखान्याचा आकडा टनामागे २.३ टन कार्बन डायऑक्साइड आहे. हे झाले २.४२ टन. तुमच्या हीट ट्रीटमेंट भट्टीतला गॅस समजा ०.१५ टन. एकूण २.५७. पोलाद आणि ॲल्युमिनियमसाठी विजेचा कार्बन सध्या धरत नाहीत, त्यामुळे छतावर सोलर बसवून हा आकडा हलणार नाही. हलतो तो पोलाद बदलल्याने. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत बनवलेल्या पोलादाचा आकडा पुष्कळ कमी असतो. भारत सरकारच्या हरित पोलाद वर्गवारीत टनामागे २.२ टनांखालचे पोलाद ‘हरित’ गणले जाते आणि १.६ खालच्याला पाच तारे मिळतात. रॉड घेताना दराबरोबर हा आकडाही विचारायला लागा.

‘२०२६ मध्ये अडीच टक्केच भरायचे’ असे सगळीकडे सांगितले जाते. ते अपुरे आहे. युरोपने ठरवलेल्या मापदंडाच्या ९७.५ टक्क्यांपर्यंतचा कार्बन २०२६ मध्ये माफ आहे. त्यावरचा सगळा भरावा लागतो. ज्याचा आकडा मापदंडापेक्षा बराच वर आहे, त्याला पहिल्याच वर्षी झळ बसते. हा कर भरण्यासाठी घ्यायच्या प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी २०२७ ला सुरू होईल आणि २०२६ च्या मालाचे पहिले विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचे आहे. त्यामुळे बायर आज काही मागत नाही म्हणून गाफील राहू नका. मीटरचे वाचन, गॅसची बिले आणि रॉडची लॉटनिहाय नोंद १ जानेवारीपासूनच हवी. पडताळणी करणारा मागच्या तारखेने केलेली नोंद मान्य करत नाही. खरा आकडा नसेल तर युरोपने ठरवलेला वाढीव आकडा तुमच्या माथी बसतो.

पत्रा, सळई, तार, पाइप पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपच्या पोलादावरच्या सेफगार्डची मुदत ३० जून २०२६ पर्यंतची. त्याजागी कोटा ४७ टक्क्यांनी कापून १८.३ दशलक्ष टनांवर आणायचा आणि कोट्याबाहेर ५० टक्के शुल्क लावायचे, असा युरोपीय आयोगाचा ७ ऑक्टोबर २०२५ चा प्रस्ताव होता.

प्रश्न : बायर पैसे उशिरा देतो, पॅकिंग क्रेडिट (माल पाठवण्यापूर्वी घेतलेले निर्यात कर्ज) थकत चालले आहे. आणि मार्चमधल्या शिपमेंटवर चुकीच्या कोडने जास्त ड्यूटी भरली गेली, ती परत मिळेल का? (चिखली, पुणे)

बँकेचे आधी. रिझर्व्ह बँकेने १४ नोव्हेंबर २०२५ ला निर्यातीची रक्कम भारतात आणण्याची मुदत ९ वरून १५ महिने केली. ३१ मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या निर्यात कर्जाला ४५० दिवसांपर्यंतची मुदत देता येते. ठरावीक क्षेत्रांसाठी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२५ मधल्या हप्त्यांना स्थगितीही होती. त्यासाठी ३१ ऑगस्टला खाते नियमित असणे आवश्यक होते आणि त्या काळाचे सरळ व्याज चढतच राहिले. अशी सवलत आपोआप मिळत नाही, लेखी अर्ज करा. शिवाय केंद्राच्या पत हमी योजनेत मंजूर निर्यात मर्यादेच्या २० टक्क्यांपर्यंत जादा खेळते भांडवल बिनतारण देण्याची सोय होती. तिची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच ठेवली होती.

ड्यूटीचा परतावा मिळू शकतो, पण आयातदाराला, आणि वेळेत अर्ज केला तरच. माल पुन्हा निर्यात केला म्हणून हे शुल्क परत मिळत नाही. चुकीचा कोड दुरुस्त करून मात्र मिळते. नोंदीच्या तारखेपासून ३०० दिवस, किंवा हिशेब बंद होण्याच्या ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधी, यांतली आधी येणारी तारीख ही दुरुस्तीची मुदत. हिशेब साधारण ३१४ व्या दिवशी बंद होतो. तुमची नोंद २० मार्चची आहे, म्हणजे शेवटची तारीख १३ जानेवारी २०२६. ती हुकली तर हिशेब बंद झाल्यापासून १८० दिवसांत हरकत नोंदवता येते, पण तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा आहे. बायरला आजच नोंद क्रमांक, ड्रॉइंग आणि दुरुस्त कोडचे कारण पाठवा. परताव्यातला तुमचा वाटा किती, तेही त्याच ईमेलवर मान्य करून घ्या. मार्चमध्ये तुम्ही सवलत देऊन ती ड्यूटी अंशतः आधीच उचलली होती, असे तुमच्या पत्रात आहे.